कोठीतलं रोप

"आलं! कुंदा, आलं!"

कोठीच्या खोलीतून मी जवळजवळ पळतच बाहेर आलो. भर दुपारी हातातली बॅटरी तशीच पेटलेली होती. कुंदा पलंगाच्या कडेला वाकून बसली होती आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात तिला उलटी होत होती. मी जागच्या जागी थांबलो. तिने हातानेच 'थांबा जरा' अशी खूण केली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "काय आलं?"

"रोप. एक नाही, तीन. सातांतली तीन वर आली."

"बघू."

मी एक प्लास्टिकचा पेला घेऊन आलो. काळ्या मातीत बोटाच्या पेराएवढा देठ, त्यावर दोन गुळगुळीत पानं, आणि त्यांच्यामधून डोकावणारी आणखी दोन, कडांना दाते असलेली. कुंदाने पेला डोळ्यांजवळ नेला. आम्हा दोघांत झाडांमधलं कळायचं ते तिला. तिने करंगळी मातीत खुपसली.

"पाणी फार झालंय हो. मुळं कुजतील. रोज घालता का?"

"दोनदा."

"दोनदा!" ती हसली. "नवी सून चहात साखर घालते तसं चाललंय तुमचं."

ही दोन हजार सात सालच्या मार्चमधली गोष्ट. गाव भुसावळ. आणि ते रोप गांजाचं होतं.

मी तेव्हा रेल्वेत सिग्नल मेंटेनर होतो. वायरी, रिले, बॅटऱ्या हे माझं जग. रात्री-अपरात्री सिग्नल बिघडला की माझं नाव घेतलं जाई, आणि वारके गेला की सिग्नल लागतोच असा माझा लौकिक होता. मला त्याचा अभिमानही होता. घरात झाडं कुंदाची. अंगणात तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत तिने अबोली, गुलबक्षी, कढीपत्ता, ओवा असं काय काय लावलेलं. वीस वर्षांच्या संसारात मी त्यातल्या एकाला तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल आम्ही पहिली काही वर्षं बोललो, नंतर बोलणं सोडून दिलं.

कुंदाच्या अंडाशयात गाठ निघाली ती आदल्या वर्षी. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून द्यायच्या औषधांचे सहा फेरे झाले. जानेवारीत तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. "आता घरी न्या," त्या म्हणाल्या. "जेवढं खाईल तेवढं खाऊ द्या. त्यांच्याजवळ बसा." मी विचारलं, "औषध कोणतं?" त्यांनी दुखण्याच्या आणि उलटीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या कुंदाच्या पोटात अर्धा तासही टिकत नसत.

महाशिवरात्रीच्या दिवशी फाटकावरचे दुबेजी आमच्याकडे आले. बलियाकडचा माणूस, पण तीस वर्षं भुसावळात काढलेली. कुंदाची अवस्था त्यांना ठाऊक होती. त्यांनी पानात गुंडाळलेली सुपारीएवढी हिरवी गोळी माझ्या हातावर ठेवली.

"भोलेबाबांचा प्रसाद आहे, वारकेसाहेब. दुधातून द्या वहिनींना. आमच्या आजोबांना असाच रोग होता. शेवटपर्यंत जेवले."

कुंदाने ती दुधातून घेतली. तासाभराने ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "भरीत कराल का हो? आणि भाकरी."

मी वांगी भाजली. माझ्या हातची भाकरी म्हणजे कशी असणार, पण तिने ती अख्खी खाल्ली. वर म्हणाली, "अजून अर्धी द्या." दोन महिन्यांत तिच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. संध्याकाळी ड्युटीवर जाताना सायकल हलकी झाल्यासारखी वाटत होती मला.

दुसऱ्या दिवशी मी फाटकावर गेलो. दुबेजींनी हात जोडले.

"एकदा प्रसाद म्हणून दिला, साहेब. रोज द्यायला मी काय दुकान मांडलंय? दोन वर्षं राहिली माझ्या नोकरीची."

मी तिथेच बाकावर बसून राहिलो. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं, पुन्हा बंद झालं. शेवटी दुबेजी आत गेले आणि कागदाची पुडी घेऊन आले. तिच्यात बिया होत्या, राखाडी, ठिपकेदार.

"मी दिल्या नाहीत, तुम्ही घेतल्या नाहीत," ते म्हणाले. "एक रोप जरी कोणी बघितलं तरी नोकरी जाईल आणि वर तुरुंग. अंगणात लावू नका."

म्हणून कोठीची खोली. स्वयंपाकघराच्या मागे, बिनखिडकीची, पूर्वी धान्य ठेवायची. मी तिथली पिंपं काढली, भिंतींना चुना मारला, चार ट्यूबलाइट बसवल्या, वर हवा खेचणारा पंखा. उजेड ठरल्या वेळी लागावा-विझावा म्हणून भंगारातल्या रिलेचं घड्याळ जोडलं. लोडशेडिंग होतं म्हणून ट्रकची एक जुनी बॅटरी आणली. हे सगळं मला येत होतं. एका आठवड्यात काम उरकलं आणि त्या आठवड्यात मला झोपही चांगली लागली.

रोपाचं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून इंग्रजी वाचायचो, निम्मं समजायचं. कोणी मागून आलं की पडदा बदलायचो. एका ठिकाणी लिहिलेलं, उजेड जवळ हवा. मी ट्यूब इतक्या खाली आणल्या की पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं, खत द्या. मी मूठभर युरिया टाकला आणि तीन रोपांतलं एक दोन दिवसांत मान टाकून बसलं.

कुंदा पलंगावरून शिकवायची.

"युरिया? एवढ्याशा जिवाला? शेणखत बारीक करून द्या चिमूटभर. आणि सारखं हात लावू नका. त्याला त्याचं त्याचं वाढू द्या."

"पानं पिवळी पडतायत."

"खालची की वरची?"

"खालची."

"मग घाबरू नका."

एप्रिलच्या सुरुवातीला ती म्हणाली, "मला न्या ना तिथे. बघायचंय."

मी तिला उचललं. तिच्या अंगात वजन असं राहिलंच नव्हतं, फक्त पोट तेवढं फुगलेलं. कोठीत स्टुलावर बसवून पाठीमागून धरून उभा राहिलो. दोन्ही रोपं तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती. ती पांढऱ्या उजेडात डोळे बारीक करून बघत राहिली. एका पानाची बोटं मोजली. सात.

"छान ठेवलंत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "यातलं एक माझ्या खिडकीत ठेवा ना. पडल्या पडल्या दिसेल मला."

"खिडकीत कसं ठेवणार? रस्ता आहे समोर. आणि उजेडाची वेळ चुकली तर फूल धरणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिला परत नेताना अंगणाचं दार उघडं होतं. ती तिकडे बघून म्हणाली, "माझी अबोली मेली ना?"

मी बाहेर पाहिलं. डब्यांतली सगळी झाडं वाळून काड्या झाली होती. रोज त्यांच्यासमोरून मी सायकल काढत होतो.

"घालतो पाणी आज," मी म्हणालो.

एप्रिलमध्येच नंदुरबारहून सुलभा आली. कुंदाची धाकटी बहीण, अंगणवाडीत शिकवायची. बिनपगारी रजा काढून आली आणि सगळं तिनेच हातात घेतलं. कुंदाला कूस बदलून देणं, पुसून घेणं, पोटातलं पाणी काढायला दवाखान्यात नेणं, तिचं ओरडणं ऐकणं. मी सुलभाला सांगितलं होतं की कोठीत रेल्वेचं सामान आहे, दुरुस्तीचं, तिकडे जाऊ नकोस. दाराला कुलूप. तिने एकदाही कुलपाबद्दल विचारलं नाही. हे मला तेव्हा सोयीचं वाटलं.

मेमध्ये भुसावळ म्हणजे भट्टी. पारा सेहेचाळीसवर. मी कुंदाच्या खोलीतला कूलर दुपारचा दोन तास कोठीकडे वळवायला लागलो. "तिच्याचसाठी तर आहे सगळं," असं मी सुलभाला म्हणालो आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तिला वेडावाकडा खुलासा केला की सामान तापतं.

ड्युटीवरून आलो की आधी कोठीत जायचो. पानांच्या खालच्या बाजूला बारीक कोळी दिसले की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचो. दोन दोन तास जायचे. भिंतीपलीकडून कुंदाचं कण्हणं यायचं. आत पंखा जोरात लावला की ते कमी ऐकू यायचं. पंखा मी जोरातच ठेवत असे.

"भाऊजी," सुलभा दाराबाहेरून म्हणायची, "ताईला उठवून बसवायचंय, जरा हात लावता का?"

"आलो, पाच मिनिटं."

मी जायचो तेव्हा तिने एकटीनेच बसवलेलं असायचं.

मेच्या मध्यावर मी थोडी पानं तोडून दुधात उकळून कुंदाला दिली. तिने डोळे मिटून घेतलं आणि दहा मिनिटांत सगळं उलटून पडलं, त्यात रक्ताच्या रेघा होत्या. मी पुन्हा सायबर कॅफेत गेलो. पानांत जोर नसतो, फुलं लागतात, असं वाचलं आणि माझं समाधान झालं. चूक कुठे होती ते कळलं होतं. सिग्नलचंही असंच असतं. बिघाड सापडला की निम्मं काम झालं.

मग दोन रोपांतल्या उंच रोपाला घोसच्या घोस लागले. मी आनंदाने कुंदाला सांगायला गेलो. ती तोपर्यंत फार हळू बोलायची, ओठांजवळ कान न्यावा लागे.

"कसे आहेत?"

"गोल. बारीक बारीक घुंगरांसारखे. लोंबतात."

"त्यात पांढरे केस आहेत?"

"नाही."

"मग नर असेल तो. पपईचा असतो ना, तसा. काढून टाका, नाहीतर दुसऱ्यातही नुसत्या बियाच धरतील."

ती बरोबर होती. मी ते रोप मुळासकट उपटलं, तुकडे करून गोणपाटात बांधलं. तीन महिने वाढवलेलं. आता एकच उरलं, आणि त्याला पांढरे केस फुटत होते. कोठीत उग्र वास भरायला लागला. शेजारच्या फिरके काकांनी विचारलंसुद्धा, "वारके, उंदीर मेलाय का कुठे?" मी दिवसभर उदबत्त्या जाळायला लागलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी कुंदाने माझा हात धरला. बोटं अशी काटकुळी झाली होती की मला धरलंय हे दिसत होतं, जाणवत नव्हतं.

"आता राहू द्या ते," ती म्हणाली. "बसा इथे."

"आता कसं राहू देऊ? फुलं धरलीत. अजून वीस दिवस. वीस दिवसांत तयार होतात बघ."

"वीस दिवस," ती म्हणाली. "थांबू मग मी?"

ती थट्टा करत होती. तिची थट्टा मला कळायची. वीस वर्षांत कळायला लागलेली. तरी मी तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणालो, "थांब. थांब ना."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर पाचव्या दिवशी सुलभा कोठीत आली. मी दार आतून लावायला विसरलो होतो. स्टुलावर उभा राहून ट्यूबचा चोक बदलत होतो. ती दारात उभी राहिली. रोपाकडे तिने पाहिलंही नाही.

"सुलभा, हे—"

"मला माहीत आहे भाऊजी. आले त्या दिवशीच ताईने सांगितलं होतं."

मी खाली उतरलो.

"तुम्हाला मी आजवर काही बोलले नाही," ती म्हणाली. "ताईनेच बजावलं होतं, त्यांना सारखी हाक मारू नकोस म्हणून. पण आता दिवस नाही उरलेत. तिचे पाय बघितलेत तुम्ही? निळे पडायला लागलेत."

"अजून पंधरा दिवसांत फुलं होतील. तिला जेवण जाईल. त्या दिवशी भाकरी खाल्ली होती तिने, तू नव्हतीस तेव्हा. दीड भाकरी."

सुलभाने ओठ आवळले. आपण हे सांगावं की नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर चाललं होतं.

"ती भाकरी तिने उलटून टाकली होती," ती म्हणाली. "तुम्ही ड्युटीवर गेल्यावर. रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी तुम्ही यायच्या आत तिने सगळं स्वतः पुसून काढलं. रांगत. मला सगळं सांगितलंय तिने."

वरचा पंखा घरघरत होता.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हीच आठवून बघा. मुंबईहून आल्यापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. जेवायचा नाहीत. ती म्हणाली, त्या भाकरीनंतर माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मग बियांचं निघालं. म्हणाली, त्यांना काहीतरी करायला मिळालंय सुलभा, करू दे. बिघडलेलं समोर असलं आणि हाताला काम नसलं की ते वेडे होतात."

मला बसावंसं वाटलं, पण स्टूल पलीकडे होतं. "म्हणजे तिला पहिल्यापासून—"

"पहिल्यापासून. पेल्यातलं रोप बघितलं तेव्हापासून." सुलभाने डोळे पुसले. "पण भाऊजी, ती माणूसच आहे ना. तिला तुम्ही हवे आहात. हाक मारू नको म्हणते आणि दिवसभर दाराकडे बघत असते. चला आता."

मी गेलो.

ही त्या दिवशी दुपारी दोनची गोष्ट. मी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलो. सुलभा मुद्दाम स्वयंपाकघरात गेली. कुंदाने डोळे उघडले, मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी हसू म्हणतो, कारण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

"ड्युटी नाही?"

"नाही."

मी तिचा हात हातात घेतला. खूप बोलायचं होतं. भाकरीचं बोलायचं होतं. अबोलीचं बोलायचं होतं, मी त्या दिवशी पाणी घालतो म्हणालो आणि घातलं नाही. मग तिला कळ आली. आधी तिच्या कपाळावर शिरा तटतटल्या, मग ती आतल्या आत ओरडली, जनावरासारखी, तोंड मिटूनच. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. कळ गेली. परत आली. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची. तिला माझ्याकडून काही नको होतं, हे मला आज कळतं. नुसती बघत होती. पण मला ते बघणं सोसेना. माझ्या हाताला काहीच करता येत नव्हतं. घड्याळात पाहिलं तर मला बसून वीस मिनिटं झाली होती.

त्याच वेळी वीज गेली. कूलर बंद पडला. कोठीतल्या पंख्याची घरघर थांबली. बॅटरीवर तो आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही.

"जोड सुटली वाटतं," मी म्हणालो.

मला माहीत होतं की त्या रोपाने काही होणार नाही. अर्ध्या तासापूर्वीच मला ते स्वच्छ सांगितलं गेलं होतं. मी अजाण होतो, मला कुणी फसवलं होतं, असं म्हणायची सोय मला नाही. मी माझा हात सोडवून घेतला. तिने तो धरून ठेवायचा प्रयत्न केला की नाही, हे मी सतरा वर्षं आठवतो आहे. कधी वाटतं केला, कधी वाटतं नाही.

"आलोच," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

कोठीत जाऊन मी दार लावून घेतलं. आत काळोख, उकाडा आणि तो वास. बॅटरीची जोड खरंच सुटली होती. ती लावायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी लावली नाही. रोपाला हातसुद्धा लावला नाही. जमिनीवर बसलो, गुडघे जवळ घेऊन, पाठ दाराला टेकवून. पंखा बंद असल्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मी कानांवर हात ठेवले.

किती वेळ गेला कोण जाणे. दारावर थाप पडली ती मला पाठीत जाणवली.

"भाऊजी, या."

"आलो," मी म्हणालो. उठलो मात्र नाही.

थोड्या वेळाने पुन्हा थाप पडली, पण हळू. सुलभा काही बोलली नाही. तेव्हा मला कळलं.

मी बाहेर आलो तेव्हा तिने कुंदाचे डोळे मिटवले होते आणि अंगावरची चादर सारखी केली होती. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो. सुलभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता लोक येतील. आत ते आहे ते आधी काढा."

माझ्याने हलवेना. ती क्षणभर थांबली, मग पदर खोचून स्वतःच कोठीत गेली. मला मोडल्याचे आवाज ऐकू आले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला चिकट हिरवा डिंक लागला होता आणि बगलेत गोणपाटाचं बोचकं होतं. ते तिने मागच्या दाराने नेऊन नाल्यात टाकलं. परत येऊन साबणाने हात धुतले. वास जाईना म्हणून परत धुतले. मग बाहेर जाऊन फिरके काकूंना हाक मारली.

दहा दिवस घरात माणसं होती. सिग्नल डिपार्टमेंटचे सगळे येऊन गेले. इंजिनिअर साहेब येऊन गेले. दुबेजी आले, दारातच बसून रडले आणि माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता गेले. बायका सुलभाजवळ बसून हळू आवाजात बोलायच्या आणि ते मला ऐकू यावं इतपतच हळू बोलायच्या. "वारकेंनी बायकोचं फार केलं हो. असा नवरा मिळायला नशीब लागतं. ड्युटीवरून आले की घराबाहेर पाऊल नाही टाकायचे."

"हो," सुलभा म्हणायची. "भाऊजींनी फार केलं."

तेराव्यानंतर मी तिला गाडीत बसवून द्यायला गेलो. सुरतकडे जाणारी पॅसेंजर. ती खिडकीजवळ बसली, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली फलाटावर उभा. सिग्नल पिवळा झाला होता. मला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं.

"सुलभा," मी म्हणालो, "शेवटी काही बोलली का ती?"

ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"तुम्ही कुठे आहात, विचारलं तिने. मी म्हटलं, येतायत."

"मग?"

"मग काही नाही. परत विचारलं. मी म्हटलं, येतायत गं, दारात आहेत."

गाडीला हलका धक्का बसला. मी खिडकीचा गज धरून दोन पावलं चाललो.

"मग?"

"'बरं,' म्हणाली," सुलभा म्हणाली, आणि तिने तोंड आत वळवलं.